आईचा फोन घरीच उघडला: स्वस्तातल्या फोनची बॅटरी आणि चार्जिंग बोर्ड कसा बदलायचा

आमच्या आईचा फोन चार वर्षं जुना, घेतला तेव्हाच दहा हजारांच्या आतला, आणि गेल्या दिवाळीपासून त्याचं असं झालं होतं की चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात तिरकी धरून वर उशी ठेवली तरच चार्ज व्हायचा, आणि एवढं करून शंभर टक्के झाला तरी दुपारच्या चहापर्यंत पंधरावर. भाऊ म्हणाला नवीन घेऊन टाक, आई म्हणाली अगं मला याच्यातलं सगळं कुठे कुठे आहे ते पाठ झालंय, नको नवीन. मला तिचं म्हणणं पटलं. स्क्रीन धड, कॅमेरा धड, बिघडलंय काय तर एक छोटं सॉकेट आणि एक बॅटरी. त्यासाठी अख्खा फोन टाकायचा हे मला खरंच चुकीचं वाटतं. म्हणून घरीच केलं, आणि कसं केलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण इंदूरमधल्या माझ्या ओळखीच्याच कितीतरी मराठी घरांत असे "जरा चार्जिंगचं नाटक आहे" म्हणून कपाटात पडलेले फोन आहेत.

आधी एक गोष्ट. फोन उघडण्याआधी खात्री करा की उघडायची गरज आहे. दुसरी केबल लावून बघा, दुसरा अडॅप्टर लावून बघा, आणि मग फोन बंद करून चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारा. आईचा फोन तिच्या पर्समध्ये राहतो, पर्समध्ये रुमाल, बडीशेपेची डबी, देवळातला अंगारा, सगळं. लाकडी दातकोरणी ब्लेडने चपटी करून मी हळूच आतून कडेकडेने फिरवली तर आधी राखाडी रंगाची नमद्यासारखी दाबून बसलेली गादीच बाहेर आली, आणि तिच्यात अख्खा एक बडीशेपेचा दाणा. टाइप-सी असेल तर मधे एक पातळ पट्टी असते, तिला धक्का लावायचा नाही, तिच्या वर-खाली जी जागा आहे तिथेच काडी फिरवायची, आणि सुई किंवा सेफ्टी पिन अजिबात नको, आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात किंवा वाकतात. कित्येक फोन एवढ्यावरच बरे होतात, पिन पुन्हा टक्क करून बसते आणि विषय संपतो. आईचा नाही झाला. कचरा निघाल्यावरही पिन डगमगत होती, म्हणजे सॉकेटच सैल झालेलं.

साधारण ओळखायचं असं. पिन हलते, तिरकी धरली की चार्ज होतो, तर चार्जिंगचा जॅक गेला, म्हणजे तेच सॉकेट, ते आतल्या एका छोट्या बोर्डावर बसवलेलं असतं, त्यालाच चार्जिंग बोर्ड म्हणतात. पिन घट्ट बसते, चार्जही व्यवस्थित होतो पण टिकत नाही, किंवा तीस टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, तर बॅटरी. आणि मागचं झाकण कडेने उचललेलं दिसतंय, किंवा टेबलावर ठेवला की फोन भोवऱ्यासारखा फिरतो, तर बॅटरी फुगलीये, त्या क्षणापासून चार्जिंग बंद, वरून दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, आणि पहिल्यांदाच उघडत असाल तर असा फोन स्वतः उघडू नका, दुकानात द्या.

बॅकअप घ्या. फोटो, कॉन्टॅक्ट, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं. हे कंटाळवाणं आहे पण पेचकस हातात घ्यायच्या आदल्या रात्रीच करून टाका. आणि उघडायच्या दिवशी बॅटरी वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली येऊ द्या, कारण भरलेल्या लिथियमच्या बॅटरीला चुकून भोक पडलं तर ती जास्त जोरात पेटते, रिकामी होत आलेली त्यामानाने शांत असते.

सामान फार लागत नाही. बारीक चौफुली पेचकस (त्यावर ट्रिपल झीरो लिहिलेलं असतं), प्लास्टिकच्या उघडण्या किंवा गिटार वाजवायच्या त्या तिकोनी पट्ट्या, एक सक्शन कप, टोकदार चिमटा, हेअर ड्रायर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बी-७००० नावाचा गोंद. प्लास्टिकच्या पट्टीऐवजी मी घरात पडलेली जुनी एक्स-रे फिल्म कापून वापरली, ती पातळ असते, वाकते, आणि काचेला ओरखडा पडत नाही, बाजारातल्या पट्टीपेक्षा मला तीच बरी वाटली. मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम.

आता पार्टबद्दल. आमच्याकडे जेल रोडला गेलं, डॉलर मार्केटमध्ये शिरलं की मोबाईलचं जे म्हणाल ते मिळतं, पण तिथे नुसतं फोनचं नाव सांगून उपयोग नाही. एकाच नावाच्या फोनचे तीन-चार प्रकार असतात आणि प्रत्येकाचा चार्जिंग बोर्ड वेगळा असू शकतो. मी पहिल्यांदा नाव सांगून बोर्ड आणला, घरी येऊन बघते तर कनेक्टर अर्धा सेंटीमीटर डावीकडे. परत चक्कर. म्हणून माझा सल्ला असा की आधी फोन उघडा, जुना बोर्ड काढा, तो छोट्या डबीत घालून दुकानात न्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. भोकं कुठे, कनेक्टर कुठे, माइक कुठे. दुकानदार "दीदी यही लगेगा, आँख बंद करके ले जाओ" म्हणाला तरी डोळे उघडेच ठेवा. तिथे या बोर्डला सीसी बोर्ड, सब-बोर्ड, चार्जिंग पट्टी असं काहीही म्हणतात, आणि स्क्रीनला फोल्डर किंवा कॉम्बो. स्वस्त कॉपीच्या बोर्डमध्ये बऱ्याचदा फास्ट चार्जिंगचे पार्टच बसवलेले नसतात, चार्ज होतो पण कासवासारखा, तर ते आधीच विचारून घ्या.

बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवर छापलेला मॉडेल नंबर जसाच्या तसा जुळला पाहिजे, कनेक्टरची पट्टी त्याच बाजूला निघाली पाहिजे, आणि दुकानातच मल्टीमीटर लावायला सांगा. नवीन बॅटरी साधारण पावणेचार व्होल्टच्या आसपास दाखवते. तीनच्या खाली असेल तर ती शेल्फवर पडून पडून मेलेली आहे, घेऊ नका. आणि ५००० एमएएचच्या जागी कोणी ७००० लिहिलेली त्याच मापाची बॅटरी देत असेल तर ते नुसतं छापलेलं आहे, तेवढ्या जागेत तेवढं बसत नाही. कंपनीचा अधिकृत पार्ट हवा असेल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलंय, तिथे बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिसची, वॉरंटीची माहिती एका जागी सापडते, बाजारात जायच्या आधी एकदा बघून घ्यायला काय हरकत आहे.

चला उघडूया. फोन बंद करा, पूर्ण बंद, आणि सिमचा ट्रे बाहेर काढा. हे विसरलं की झाकण किंवा आतली फ्रेम उचलताना ट्रे अडकतो आणि सिमची जागाच तुटते. मग फोनच्या कडेला नीट बघा, तिथे दोन फटी दिसतील, एक स्क्रीन आणि फ्रेमच्या मधे आणि एक फ्रेम आणि मागच्या झाकणाच्या मधे. आपल्याला मागची हवीये. पुढच्या फटीत पट्टी घातली तर झाकण नाही, स्क्रीनच उखडायला लागते आणि कडेने तडा जातो. अशी चूक होते कारण कमी प्रकाशात दोन्ही फटी सारख्याच दिसतात, त्यामुळे दिवसा खिडकीपाशी बसा.

ड्रायर मध्यम ठेवून झाकणाच्या कडेकडेने फिरवत राहा, एका जागी थांबवू नका, मधे बॅटरी आहे तिथे तर नाहीच. हात लावला की चटका बसायला आला पण ठेवता येतोय, इतपत गरम पुरे. मे महिन्यात इंदूरच्या दुपारी मला दोन मिनिटंही लागली नाहीत, थंडीत पाच-सहा लागतील. खालच्या कडेला सक्शन कप लावून हळू ओढायचं, केसाएवढी फट पडली की फिल्म आत सरकवायची, पण दोन-तीन मिलिमीटरच, आणि मग कडेने सरकवत न्यायची. गोंद परत धरायला लागला की परत ड्रायर. काही फोनना गोंद नसतो, नुसते प्लास्टिकचे खटके असतात, ते टक् टक् आवाज करत सुटतात, आवाजाला घाबरू नका.

आणि इथे थांबा. हा परिच्छेद मी सगळ्यात जास्त मनापासून लिहितेय. झाकण सुटलं म्हणून एकदम उचलू नका. ज्या फोनचं फिंगरप्रिंट मागे असतं त्याच्या सेन्सरची पट्टी झाकणाला चिकटलेली असते आणि तिचं दुसरं टोक बोर्डला जोडलेलं असतं, पट्टी कागदासारखी पातळ, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी रुंद. दोन वर्षांपूर्वी भावाच्या फोनचं झाकण मी घाईत उघडलं, काहीतरी अगदी बारीक, कागद फाटल्यासारखं झालं, आणि फिंगरप्रिंट कायमचं गेलं. सेन्सर बदलून मिळतो, पण कित्येक फोनमध्ये दुसरा सेन्सर लावला तर चालतच नाही, कारण तो त्या बोर्डाशी जुळवलेला असतो. त्याचा फोन, त्याने विश्वासाने दिलेला, मला अजून वाईट वाटतं. म्हणून झाकण एक इंचच उचला, टॉर्च मारा, पट्टी आहे का बघा, कोणत्या बाजूला आहे ते बघा आणि त्या बाजूकडे पुस्तकासारखं उघडा. पट्टी दिसली तर आधी तिचा कनेक्टर सोडवा, मग झाकण बाजूला.

आत वरच्या बाजूला मेन बोर्डावर आणि खालच्या बाजूला स्पीकरवर प्लास्टिकची काळी कव्हरं दिसतील, स्क्रूंनी धरलेली. आईच्या फोनला सगळे मिळून सतरा स्क्रू निघाले. हे सगळे एका वाटीत टाकायचे नाहीत! दिसायला सारखे, पण कोणी तीन मिलिमीटर, कोणी चार. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो खाली बोर्डात किंवा स्क्रीनच्या पाठीत घुसतो, आणि तेव्हा काही कळत नाही, फोन चालू केल्यावर कळतं. मी काय करते, वहीच्या पानावर फोनची चौकट काढते आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे कागदावर डबल टेपने चिकटवते. मुलं शाळेत पिंपळाचं पान वहीत चिकटवतात तसं. आणि प्रत्येक पायरीला फोटो, दुसऱ्या फोनने. एखाद्या स्क्रूवर पांढरं किंवा लाल स्टिकर असेल तर ते वॉरंटीचं, वॉरंटी बाकी असेल तर इथेच थांबून सरळ सर्व्हिस सेंटरला जा.

कव्हर निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. पहिलं म्हणजे पहिलं, दुसऱ्या कुठल्याही पट्टीला हात लावायच्या आधी. प्लास्टिकच्या उघडणीने किंवा नखाने कडेखाली धरून सरळ वर, धातूचा चिमटा नाही. फोन बंद असला तरी बोर्डात बॅटरीचा करंट असतोच, आणि अशात स्क्रीनची पट्टी काढली-लावली तर बॅकलाइटचं (स्क्रीनमागच्या उजेडाचं) सर्किट उडू शकतं, मग फोन चालू होतो, रिंग वाजते, पण स्क्रीन काळी. दुकानात आलेल्या अशा काळ्या स्क्रीनच्या फोनपैकी कितीतरी आधी कोणीतरी घरी उघडलेले असतात असं आमच्या ओळखीचे एक रिपेअरवाले काका सांगतात, आणि त्यांनीच मला हे पहिलं शिकवलं, पेचकस नंतर हातात दिला.

मग खालचं कव्हर. त्यातच मोठा स्पीकर असतो, त्याला मेकॅनिक लोक रिंगर म्हणतात. तो उचलला की खाली सब-बोर्ड. त्याला दोन गोष्टी जोडलेल्या असतात, एक रुंद पट्टी जी बॅटरीच्या वरून मेन बोर्डकडे जाते, आणि एक बारीक गोल वायर, शेवयीएवढी, काळी किंवा पांढरी, जिच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं सोनेरी बटण असतं. ही अँटेनाची वायर. ती सरळ वर उचलून सुटते, ओढायची नाही. हिच्याबद्दल पुढे परत सांगते.

जुना बोर्ड काढल्यावर त्याच्यावरचं बारीकसारीक सामान नवीन बोर्डावर आहे का तपासा. माइकच्या तोंडावर एक रबरी टोपी असते, पोर्टभोवती एखादा रबराचा पट्टा असतो, कधी व्हायब्रेशनची मोटरही तिथेच. नवीन बोर्डाबरोबर ते येतंच असं नाही, जुन्यावरून चिमट्याने काढून लावावं लागतं. माइकची टोपी राहिली तर समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो आणि आपण नेटवर्कला दोष देत बसतो. जुन्या बोर्डाच्या जागी हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर ते पाणी गेल्याचं लक्षण, कापसाच्या बोळ्याला अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण सुकू द्या.

बॅटरी काढणं हे सगळ्यात शांतपणे करायचं काम. काही बॅटऱ्यांना ओढायची पट्टी दिलेली असते, तिच्यावर छापलेलं असतं कुठून ओढायचं, ती हळू, आडवी ओढत राहायची. ती तुटली किंवा नसेलच, तर कडेने चार-पाच थेंब अल्कोहोल सोडा, फोन जरा तिरका धरा म्हणजे ते खाली झिरपेल, दोन मिनिटं थांबा, आणि प्लास्टिकची पट्टी किंवा जाड दोरा खालून करवतीसारखा पुढे-मागे. पेचकस नाही, चाकू नाही, भाजी चिरायची सुरी तर नाहीच. बॅटरी वाकवायची नाही, कारण आत पातळ थरांच्या घड्या असतात आणि दोन थर एकमेकांना टेकले की ती आतून तापायला लागते. कधी गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला किंवा बॅटरी आपोआप गरम लागली तर लगेच सोडून द्या आणि बाहेर. मी काम करताना अंगणात कुंडीची कोरडी माती भरलेलं जुनं पातेलं ठेवतेच, आजवर लागलं नाही पण ठेवते. धूर निघाला तर तो नाकात जाऊ द्यायचा नाही, पातेल्यात टाकून लांब व्हायचं.

काढलेली बॅटरी परत लावायची नाही, वाकलेली असेल तर बिलकुलच नाही. नवीन बॅटरी आधी नुसती ठेवा, चिकटवू नका. सब-बोर्ड बसवा, रुंद पट्टीचे दोन्ही टोकाचे कनेक्टर दाबा (बोटाने, एका बाजूने आधी आणि मग दुसऱ्या बाजूने, टिक् असं लागतं), अँटेनाची वायर बसवा, आणि बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात शेवटी.

आता फोन चालू करा, असाच उघडा. गोंद लावायच्या आधी तपासायचं, हे न केल्यामुळे मी पहिल्या वेळी सगळं परत उघडलं होतं. शाओमीच्या फोनमध्ये डायलरवर *#*#६४८४#*#* टाकलं की तपासणीचा मेनू येतो, सॅमसंगमध्ये *#०*#, त्यात स्पीकर, टच, व्हायब्रेशन, कॅमेरे असं एकेक करून बघता येतं. चार्जर लावून बघा, पिन हलवून बघा, उलटी करून लावून बघा, टाइप-सी दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. मग कोणाला तरी फोन लावा. आईच्या फोनला सगळं आलं, फक्त नेटवर्कची एकच कांडी, आधी घरात चार असायच्या. मी घाबरले, बोर्ड खराब निघाला की काय. तर ती शेवयीएवढी वायर, बटण नुसतं टेकलं होतं, बसलं नव्हतं. बटण नीट भोकावर आणून वरून अंगठ्याने दाबलं, टुक् झालं, आणि चारही कांड्या परत आल्या. फोन उघडल्यावर नेटवर्क गेलं की सगळ्यात आधी ही वायर बघा.

सगळं चाललं की परत बंद, बॅटरीचा कनेक्टर काढा, बॅटरी डबल टेपने बसवा, कनेक्टर लावा, कव्हरं, वहीवरून स्क्रू आपापल्या जागी, हाताला घट्ट लागले की थांबा, ताकद लावू नका. झाकणाचा जुना गोंद अल्कोहोलने पुसून कडेने बी-७००० ची बारीक धार द्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक. जास्त झाला तर तो स्पीकरच्या जाळीत आणि बटणांत जातो. फेव्हिक्विक लावू नका, पुढच्या वेळी झाकण उघडणारच नाही आणि त्याच्या वाफेने कॅमेऱ्याच्या काचेवर पांढरं धुकं बसतं. मग चार रबर बँड लावून रात्रभर ठेवायचा, आई किती वेळा "झाला का गं" म्हणाली तरी.

एक लक्षात असू द्या, एकदा उघडलेला फोन पूर्वीइतका पाणी अडवत नाही. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर न्यायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत, नाहीतर घरी ठेवून जा. आणि फोन पाण्यात पडला तर तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही, आतलं पाणी तिथेच राहतं आणि गंजायला लागतं, त्याला बंद ठेवून, चार्जिंगला अजिबात न लावता लवकरात लवकर उघडून आतून पुसायला लागतं.

कुठे थांबायचं तेही सांगते. मेन बोर्डावरची आयसी (चिप), लोगोवर अडकणारा फोन, आत कुठेतरी शॉर्टिंग असलेला, अशा कामाला मायक्रोस्कोप आणि हॉट एअर (गरम हवेचं सोल्डरिंग मशीन) लागतं, ते घरचं काम नाही. नुसती फुटलेली काच बदलणंही नाही, तिला मशीन लागतं, घरी करायचं तर अख्खा फोल्डरच बदलावा लागतो.

जुन्या बॅटरीच्या टोकांवर सेलो टेप लावा आणि ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. आपल्याकडे इंदूरमध्ये सकाळी कचऱ्याची जी पिवळी गाडी येते तिच्यात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथेच द्यायची, आणि फुगलेली असेल तर गाडीवरच्या भियांना (दादांना) सांगून हातात द्या, नुसती फेकू नका, ती खाली दाबली गेली तर गाडीतच पेटू शकते.

आईचा फोन सकाळी रबर बँड काढून तिच्या हातात दिला, तिने आधी पिन लावून बघितली, सोडली, परत लावली. मग ग्वाल्हेरच्या आत्याला फोन लावला आणि पाऊण तास बोलली, मी मधे एकदा जाऊन बघितलं, ९१ टक्के होते. बडीशेपेची डबी आता पर्सच्या दुसऱ्या कप्प्यात आहे.